तिसऱ्या होलवरची तूर

आमच्या घरात गोल्फच्या सात काठ्या होत्या आणि छत्री एक. आईनं छत्री नेली की मी कॉलेजात भिजत जायचे, मी नेली की आई डोक्यावर पदर घेऊन बाजारात जायची. पण काठ्या कोरड्या असायच्या, कारण त्यांच्यासाठी बाबांनी मेणकापडाची वेगळी टोपी शिवून घेतली होती. दर्शनी खोलीत, धान्याच्या कोठीला लागून, कॅनव्हासच्या लांबोळक्या पिशवीत त्या उभ्या असत. पाहुणे विचारायचे, "हॉकी खेळता का?" बाबा खुलासा करायला घ्यायचे आणि पाहुण्यांचा चहा निवून जायचा. आईनं मात्र त्या काठ्यांना कामाला लावलं होतं. एकीनं ती कौलांवरची माकडं हाकलायची, एकीनं माळ्यावरची परात ओढायची, आणि सगळ्यात छोटी, चपट्या डोक्याची, ती मच्छरदाणीच्या दोरीखाली टेकवायची. बाबा कळवळून म्हणायचे, "अवं, पटर आहे तो, चेंडू खड्ड्यात ढकलायचा." आई म्हणायची, "पटर असो का फटर, दोरी तं धरून राहिला नं."

ज्या वीजकेंद्राच्या कॉलनीत आम्ही राहायचो त्याचं नाव मी लिहीत नाही. नागपूरहून निघालेली लाल बस जिथे राखाडी होऊन परत फिरायची, तिथली आमची कॉलनी, एवढं पुरे. राख तुळशीवर, राख पोह्यांवर, राख चादरीच्या घडीत. आई पाटवड्या थापायची तेव्हा मी समोर परात धरून उभी राहायचे, वाऱ्याकडून. आणि दिवसातून केव्हाही, न सांगता, बॉयलरची वाफ सुटायची. तो आवाज ज्यानं ऐकला नाही त्याला सांगून उपयोग नाही. आभाळच फाटत जातं आहे असं वाटे. वाफ सुटली की अख्खी कॉलनी वाक्य अर्धं ठेवून थांबायची. भांडणारी माणसं थांबायची, देवळातली आरती थांबायची, आणि वाफ संपली की जो शब्द राहिला होता तिथूनच पुढे सुरू. लग्नानंतर माझ्या नवऱ्याला बरीच वर्षं वाटत होतं की मी बोलता बोलता विसरते. मी विसरत नव्हते. मी वाफ संपायची वाट बघत होते.

बाबा मौद्याजवळच्या शेतकरी घरातले. घरात पहिले तेच शिकले, बॉयलरवर लागले आणि नंतर केंद्रानं त्यांना कामाच्या शिक्षणासाठी स्कॉटलंडला पाठवलं. दोन हिवाळे ते तिथे राहिले. कारखाना आतल्या बाजूला होता, पण तिथे खोली महाग, म्हणून ते बसच्या अंतरावर समुद्राकाठच्या एका जुन्या गावात एका विधवा बाईकडे राहिले. त्या गावाचं नाव त्यांनी आम्हाला सांगितलं असेलच, पण घरात ते कधी कोणी घेतलं नाही. बाबा नुसतं 'गाव' म्हणायचे, आणि मौद्याकडच्या आपल्या घराला 'घर'. गावात दगडी घरं होती, पडलेलं एक फार मोठं चर्च होतं, त्याच्या खिडकीतून, म्हणजे जिथे पूर्वी खिडकी होती तिथून, समुद्र दिसायचा. वारा असा की ताठ चालणारा माणूस दिसला की तो परगावचा, हे लोक ओळखायचे. सकाळी ओटाची पेज मिळायची. "आपल्या आंबिलीतून चव काढून टाकली की उरते ती," बाबा सांगायचे. तरी ते ती पेज आठवून डोळे मिटायचे, आणि आई ताटात ओल्या तुरीच्या सोल्यांची आमटी जरा जोरात वाढायची.

घरमालकीण बाईंचं आडनाव लॉरी. त्यांचा नवरा गोल्फच्या मैदानाची राखण करायचा, तो गेल्यावर त्याच्या काठ्या भिंतीला टेकून होत्या. पहिल्या हिवाळ्यात बाबा सुट्टीच्या दिवशी खोलीत बसून रडायचे, हे त्यांनी मला फार उशिरा सांगितलं. मिसेस लॉरींनी ते पाहिलं असावं. त्यांनी एक दिवस काठ्यांची पिशवी त्यांच्या खांद्यावर टाकली आणि मैदानावर नेलं. बाई स्वतः खेळायची, साठी उलटलेली, पायात मोजे आणि डोक्याला रुमाल. तिनं बाबांना शिकवलं आणि निघताना नवऱ्याचे जोडे आणि सात काठ्या देऊन टाकल्या. आईला ही सगळी कथा पाठ होती. "तुमची ती लॉरीवाली," असं ती म्हणायची, जणू ती बाई ट्रक चालवत होती. "तुमच्या लॉरीवालीनं दोन वेळा जेवू घातलं, मी वीस वर्षं घालून राहिली. मले कोनी काठ्या देल्या नाही."

मला त्या गावातल्या दोन गोष्टी आवडायच्या, गोल्फचा राग असूनही. एक, तिथे न्यायाधीश आणि खाटीक एका जोडीत खेळायचे, आणि खाटीक जिंकला तर न्यायाधीशाची टिंगल करायचा. दुसरी, ते मैदान. समुद्र आणि शेतं यांच्या मधली वाळूची पट्टी, नांगराला निरुपयोगी. "कुणाच्याच कामाची नाही, म्हणून सगळ्यांची," बाबा म्हणायचे. त्याला कुंपण नव्हतं. रविवारी खेळ बंद. रविवारी सगळं गाव मैदानात. बायका झुडपांवर चादरी वाळवायच्या, पोरं लोळायची, म्हातारे कुत्री घेऊन फिरायचे, आणि ज्या हिरवळीवर शनिवारी खेळाडू श्वास रोखून उभे असत तिथे कोणीतरी डबा उघडून बसलेलं असे. शेकडो वर्षांची रीत होती ती. माझा मुलगा आता म्हणतो, चल आई, दाखवतो तुला ते गाव, विमानानं काही लांब नाही. मी जात नाही. बाबांनी सांगितलेलं गाव मला पुरतं.

परत आल्यावर बाबांनी कॉलनी आणि राखेचं तळं यांच्या मधली पट्टी पाहिली. केंद्रातून नळानं राख-पाणी यायचं आणि तिथे साठायचं. पाणी उन्हात आटलं की क्षितिजापर्यंत करडं सपाट. त्या काठावर बाबा उभे राहिले, वारा आला, आणि त्यांना समुद्र दिसला. हे मी थट्टेनं लिहीत नाही. त्यांच्या तोंडावर ते मी बघितलं आहे. अलीकडे कॉलनी, पलीकडे समुद्र, मधली पट्टी बाभळीची, कुणाच्याच कामाची नाही. वरच्यांना विचारलं तर ते म्हणाले, खेळा की. मग बाबा, स्टोअरचे देशकर काका आणि वेल्डिंगचे दोघे-तिघे सुट्टीच्या दिवशी फावडी घेऊन निघाले.

सहा होल झाले. हिरवळ आमच्याकडे कुठून येणार, म्हणून राख आणि जळकं तेल कालवून गोल, काळसर थर दिले आणि त्यावर रूळ फिरवला. मधल्या खड्ड्यात वनस्पती तुपाचा रिकामा डबा, डब्यात बांबू, बांबूला आईच्या जुन्या परकराची पट्टी. चेंडू राखेत दिसत नसत म्हणून बॉयलरच्या पाइपांचा तांबडा रंग दिला. तिसऱ्या होलवर मात्र फार काही करावंच लागलं नाही. नाल्याच्या अंगाला जरा उंचवट्यावर जमीन आधीच गोल होती, थाळीसारखी सपाट, दगडासारखी कडक. वर नुसता कोरड्या राखेचा हात दिला, बस. तेल नाही, रूळ नाही. बाबा दिवसभर ते सांगत होते. "तयारच होती गा देशकर. देवानंच करून ठेवली. मिसेस लॉरी पाहती तं म्हणती, ही जागा गोल्फसाठीच झाली." खेळ मात्र रविवारीच व्हायचा, दुसरी सुट्टी नव्हती. "तिकडं सांगू नका कोणी," असं बाबा दर रविवारी म्हणायचे, आणि कोणीतरी दर रविवारी हसायचं.

त्या वर्षांत मी कॉलेजात होते आणि पत्रकं काढत होते. आमच्या गटात पाच-सहा जण होतो. एक सायक्लोस्टाइल यंत्र, एक तंबोऱ्यासारखा आवाज असलेला पुढारी, आणि मी लिहिणारी. बसचं भाडं, राख, कंत्राटी मजुरांची हजेरी, कशावरही मी दोन तासांत पान भरून द्यायचे. 'मित्रांनो' नं सुरू करायचे आणि तिसऱ्या ओळीला रागावलेली असायचे. मी जगातल्या सगळ्या साहेबांवर रागावले होते, आणि माझ्या घरात कोठीशेजारी गोल्फच्या सात काठ्या उभ्या होत्या. माझी अडचण वाचकांनी समजून घ्यावी. गटातले मला 'गोल्फवाल्याची मुलगी' म्हणायचे. मी घरी येऊन बाबांना म्हणायचे, "तुम्ही साहेबांची नक्कल करून राहिले." ते काठीचं डोकं पुसत म्हणायचे, "बेबी, खाटकाची नक्कल करून राहिलो मी. तुले ऐकूच येत नाही." मग आई आतून म्हणायची की दोघांनीही जेवून घ्यावं, वडाभात निवून राहिला, आणि क्रांती काय किंवा गोल्फ काय, निवलेल्या वड्याला कोणी विचारत नाही.

मग मोठे साहेब नवे आले. पुण्याकडचे, स्वच्छ बोलणारे, वाईट माणूस नव्हे. त्यांनी येता-जाता ती काळी वर्तुळं पाहिली, बांबू पाहिले, आणि बाबांना बोलावून घेतलं. बाबा त्या दिवशी घरी आले ते उंच झाल्यासारखे. साहेबांना गोल्फ आवडतो. साहेब म्हणतात याचा रीतसर क्लब करू. तेलाऐवजी खरी हिरवळ लावू, पाण्याची लाइन देऊ. बाबा सेक्रेटरी. आईनं विचारलं, "म्हणजे पगार?" पगार नाही, पण कोटाच्या खिशावर बिल्ला. इतकी वर्षं ज्या माणसाला अख्खी कॉलनी 'राखेतला राजा' म्हणून हसली, त्याच्या खिशावर बिल्ला. आईनं जुना कोट उन्हात टाकला, उलटसुलट करून पाहिला, आणि त्याची सुटलेली शिवण घातली.

दुसऱ्या दिवशी कळलं की भोवती काटेरी तार येणार. क्लब म्हटला की तार आलीच. क्लब अधिकाऱ्यांसाठी, त्यामुळे वेल्डिंगवाले बाद. आणि नाल्यापलीकडच्या वस्तीतल्या बायका ज्या वाटेनं पाण्याला, बाजाराला, बसला जायच्या, ती वाट तारेच्या आत. मी बाबांना जेवताना विचारलं, "तुमच्या गावात तार होती का?" बाबा म्हणाले, "नव्हती." "मग?" ते भाकरीचा तुकडा ठेच्याला लावून तसाच धरून बसले. "हिरवळ येईन म्हणतात," ते म्हणाले. "खरी हिरवळ, बेबी." एवढंच. इतक्या हळू आवाजात ते म्हणाले की मला भांडायलाच सुचलं नाही. पण पत्रक मी लिहिलं. 'तार कशाला?' हे त्याचं नाव. त्यातलं एकही वाक्य मी आज मागे घेणार नाही. साहेब रविवारी सकाळी मैदान बघायला येणार होते. तिथेच सगळ्यांच्या हातात द्यायचं, बाबांच्यासुद्धा, असं ठरवून मी गठ्ठा झोळीत भरला.

संक्रांत नुकतीच झाली होती. थंडी होती, बाभळींच्या शेंड्यावर राखेचं धुकं होतं. बाबा शिवलेला कोट घालून, मिसेस लॉरींच्याच नवऱ्याचे तपकिरी-पांढरे जोडे घालून पुढे. ते जोडे त्यांना अर्धा अंगुळ मोठे होते, पुढे कापूस भरलेला असायचा. त्यांच्याबरोबर मोठे साहेब, साहेबांची बायको शाल लपेटून, मागे देशकर काका, त्यामागे पाच-सात अधिकारी. मी बाभळीआडून झोळी सांभाळत. पहिला होल झाला, दुसरा झाला. साहेब म्हणाले, "कमाल केलीत हो तुम्ही." बाबा म्हणाले, "तिसरा बघा साहेब. तिसरा तर देवानं केला."

तिसऱ्यावर तूर होती. वरची राख खराट्यानं झाडून बाजूला सारली होती, खालची जमीन शेणानं सारवून वाळवली होती, आणि त्यावर तुरीच्या काड्यांचा ढीग. आईच्या परकराची पट्टी लावलेल्या बांबूला एक शेळी बांधली होती. ढिगापाशी, ओचा खोचून, एक बाई काठीनं तूर बडवत होती. ही सरजाबाई, नाल्यापलीकडच्या वस्तीतली. तिला सगळी कॉलनी ओळखायची, कारण ती कोणाच्याही दारासमोरून जाताना 'काय शिजवून राहिल्या वं' असं विचारल्याशिवाय जायची नाही. काठी पार मागे जायची, खांदा फिरायचा आणि ती सणकन खाली यायची. देशकर काका मागे रेंगाळत माझ्या बाभळीपाशी आले होते, ते हळूच म्हणाले, "तुझ्या बाबाहून सरस आहे गं हिचा हात."

बाबा धावतच पुढे गेले. "सरजाबाई! हे काय करून राहिल्या तुम्ही?"

"तूर बडवून राहिली, जी. दिसत नाही का?" तिनं काठी टेकवली, घाम पुसला. "या, बसा. तुमच्याच पुण्याईनं चालू हाय."

"माझ्या?"

"तं कोनाच्या? नाल्यापल्याडच्या खळ्यात राखच राख. सारा दाना करडा होते, कोनी घेत नाही बजारात. अन् हे माह्या सासऱ्याचं खळं. त्याच्याबी बापाचं. इथं वारा नाल्याकडून येते, राख येत नाही, दाना उफनाले चांगलं. सरकारनं जमीन घेतली तवापासून पाय नाही ठेवला मी इथं. मागच्या साली जवळून पाहतो तं काय, कोनी तरी झाडलं, गोल केलं, मधात तिवडा गाडला." तिनं बांबूला हात लावला, बैल फिरवायला खळ्याच्या मधोमध जो खांब असतो त्याला आमच्याकडे तिवडा म्हणतात. "लय बारीक गाडला जी तुम्ही. बैल बांधला तं उपटून जाईन. पन मले वाटलं, सरकारनं खळं वापस केलं. म्या म्हटलं, एवढं कोन करते गा आपल्यासाठी? पन करते वाटते कोनी कोनी."

 बाबा खाली बघत होते. मी बाबांचं तोंड बघत होते, आणि ते तोंड सेक्रेटरीचं नव्हतं. मौद्याच्या पोराचं होतं, जो लहानपणी खळ्यावरच्या कडब्यात झोपला, ज्यानं बैलांमागे फिरून फिरून असलीच जमीन थाळीसारखी कडक केली, आणि जो या जमिनीवर उभा राहून 'देवानं केली' म्हणाला. मागून साहेब आले. "काय प्रकार आहे हा? यांना सांगा ना, हे सगळं आत्ताच्या आत्ता..."

आणि वाफ सुटली.

साहेब नवे होते, ते तोंड उघडं ठेवूनच थांबले. सगळे थांबले. सरजाबाईनं शेळीच्या कानांवर हात ठेवले. त्या आवाजात कोणाला काही बोलता येईना, त्यामुळे सगळ्यांना फक्त बघता येत होतं, आणि बघायला एकच गोष्ट होती. बाबा सारवलेल्या कडेवर खाली बसले आणि जोड्यांच्या नाड्या सोडू लागले. नाड्या लांब होत्या, वरपर्यंत ओवलेल्या. एक जोडा निघाला, त्यातून कापसाचा बोळा पडला. दुसरा निघाला. मोजे काढून त्यांनी जोड्यांत घातले, जोडे कडेला नीट जोडीनं ठेवले, आणि अनवाणी आत गेले. आमच्याकडे खळ्यात वहाण घालून कोणी जात नाही. हे कोणी शिकवत नाही, आणि कोणी विसरत नाही. आत जाऊन ते वाकले, जमिनीला हात लावला, तो कपाळाला लावला. आवाज संपला.

नव्या माणसाला राहिलेल्या शब्दापासून सुरू करायची सवय नसते. बाबाच आधी बोलले. "साहेब, या ना. फक्त जोडे काढून या. खळं आहे."

"खळं? तुम्ही म्हणालात हा तिसरा होल."

"तो पण आहे."

"अहो, तुम्ही या क्लबचे सेक्रेटरी होणार आहात."

"हो, साहेब. म्हणूनच सांगून राहिलो."

साहेब आपल्या बुटांकडे बघत उभे राहिले.  त्यांच्या बायकोनं मात्र शाल सावरली, पायातल्या चपला काढल्या आणि सरळ आत जाऊन ओंजळभर तूर उचलली. "माझ्या माहेरी, लातूरला अशीच असते," ती सरजाबाईला म्हणाली, "पण दाणा थोडा बारीक." साहेब हे सगळं कडेवरून ऐकत होते. मग त्यांनी बाबांना, चिडून नव्हे, समजावून सांगितलं: तार टाकायची तर हे चालणार नाही. पाणी, हिरवळ, खर्च, सगळं तारेवर अवलंबून. तार नाही तर क्लब नाही.

"बरं," बाबा म्हणाले.

मी या एका शब्दाबद्दल पुष्कळ विचार केला आहे. मी आयुष्यभर पत्रकं लिहिली, सभा केल्या, दोनदा पोलिसांच्या गाडीत बसले. इतक्या कमी शब्दांत इतकं मोठं काही मला सोडता आलं नाही. त्यांना ती हिरवळ हवी होती. मला माहीत होतं ती किती हवी होती. मग ते जरा हसले, आणि साहेबांना त्यांनी त्या गावाबद्दल सांगितलं. मी लहानपणापासून ऐकलेलं तेच, चादरी, कुत्री, म्हातारे, खाटीक. "तिथं तार नाही, साहेब. आणि रविवारी खेळच बंद असतो. मैदान गावाचं." ते तुरीच्या ढिगाकडे वळले. "आज रविवारच आहे."

साहेबांची मंडळी परत गेली. सरजाबाईनं विचारलं, "काय म्हनत व्हते गा ते?" बाबा म्हणाले, "काही नाही. तूर चांगली आहे म्हणत होते." "ते तं मलेबी दिसते," ती म्हणाली, आणि बाबांच्या हातात दुसरी काठी दिली. कोट काढून त्यांनी शेळीजवळ ठेवला. पहिल्या फटक्यातच सरजाबाई ओरडली, "असं नाही जी, चेंडू मारून राहिले का? जमिनीवर पडू दे काठी." दुपारपर्यंत ते दोघं आणि देशकर काका तूर बडवत होते, आणि मी झोळी बाभळीला अडकवून काड्या उचलत होते. उन्हं कलल्यावर वारा नाल्याकडून आला. सरजाबाई सूप डोक्यावर धरून उभी राहिली आणि भूस उडून राखेच्या तळ्याकडे गेलं. दाणा पिवळाधमक होता. एक कण करडा नव्हता.

खळ्यावर जो उभा असेल त्याला रिकाम्या हातानं पाठवत नाहीत. तिनं सूपभर तूर बाबांच्या कोटात ओतली, ज्याच्या खिशावर बिल्ला लागणार होता त्या कोटात, आणि बाबांनी तो गाठोड्यासारखा खांद्यावर घेतला, जोडे हातात. घरी आईनं गाठोडं सोडलं, कोटाकडे बघितलं, बाबांच्या राखेनं भरलेल्या पायांकडे बघितलं. क्लबचं काय झालं हे तिनं विचारलं नाही. कॉलनीत बातमी माणसाआधी घरी येते. दाणे निवडून तिनं रात्री भिजत घातले. दुसऱ्या दिवशी मोठ्या पातेल्यात घुगऱ्या झाल्या, मीठ, मिरची आणि वरून सांभार, म्हणजे कोथिंबीर. पूर्ण ओळीतल्या क्वार्टरांना द्यायच्या म्हणजे पुड्यांना कागद हवा. आईनं माझ्या झोळीत हात घातला. "हे काय आहे वं? लागते का?" मी म्हटलं, नाही, आता लागत नाही. 'तार कशाला?' चे पन्नास-साठ कोन झाले. माझं पत्रक त्या दिवशी पहिल्यांदा सगळ्यांनी शेवटपर्यंत हातात धरलं.

बाबा ओट्यावर बसून खात होते, पुडी चुरगाळून झाली तरी हातात धरून. आई दारात उभी. आत वळता वळता ती म्हणाली, "तुमच्या लॉरीबाईले आवडलं असतं हे." वीस वर्षांत पहिल्यांदा ती 'लॉरीवाली' सोडून 'लॉरीबाई' म्हणाली. बाबांनी मान वर केली नाही. नुसती हलवली, दोनदा.

तार आली नाही. साहेबांनी पुढे बॅडमिंटनचा हॉल बांधला आणि तो चांगला चालला. बाकीचे पाच होल तेलाचेच राहिले, वेल्डिंगवाले खेळत राहिले. कामगारांनी पाळ्या बदलून खेळायला आठवड्यातला दुसरा दिवस कसाबसा जुळवला, आणि रविवारी मैदानाला सुट्टी मिळाली. पौष-माघात तिसऱ्यावर तूर, नंतर गहू. बाबांनी तिथला बांबू काढून बाभळीचा जाड तिवडा गाडला, परकराची पट्टी त्यालाच बांधली, आणि तुपाचा डबा त्याच्या बुंध्याशी सरकवला. तिसऱ्या होलवर प्रत्येकानं जोडे काढूनच पटर हातात घ्यायचा असा नियम झाला. बाहेरून आलेल्यांना तो विचित्र वाटे. विचारलं तर वेल्डिंगवाले गंभीर चेहऱ्यानं सांगायचे की स्कॉटलंडची पद्धत आहे.

ते सगळं आता राखेखाली आहे. तळं वाढत वाढत नाल्यापर्यंत आलं, वस्ती उठली, सरजाबाई लेकीकडे गेली. मौद्याकडेही आता वीजकेंद्राच्या धुराच्या चिमण्या उभ्या आहेत. बाबांनी त्या बघितल्या नाहीत, तेवढं बरं झालं. निवृत्तीनंतर ते माझ्याकडे नागपुरात, प्रताप नगरात राहिले. संध्याकाळी मी त्यांना कोपऱ्यावरच्या बागेत न्यायचे. मधोमध गोल हिरवळ आहे, महापालिकेची, बरी राखलेली. तिच्या कडेला आले की बाबा माझ्या खांद्यावर हात टेकवून थांबायचे आणि एक एक करून चपला काढायचे. माळी खूश व्हायचा, इतरांना सांगायचा, बघा, एक आजोबा आहेत ज्यांना हिरवळीची काळजी आहे. मी त्याला कधी काही सांगितलं नाही. चपला हातात घेऊन कडेला उभी राहायचे, आणि बाबा आत जायचे.